परदेशातले पहिले दोन महिने : सरदारपूरच्या विद्यार्थ्याची घडी बसवताना

परदेशी शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याला तिथल्या रोजच्या जगण्यात रुळवणे हे साधारण पहिल्या दोन महिन्यांचे काम आहे. प्रवेश, व्हिसा आणि विमानाचे तिकीट यांविषयी घरात खूप बोलणे होते, त्यासाठी सल्ला देणाऱ्या कचेऱ्याही इंदुरात पुष्कळ आहेत. विमानतळाबाहेर पाऊल टाकल्यानंतरच्या दिवसांची जबाबदारी मात्र कोणाच्याच नावावर नसते. आधी गेलेला एखादा दादा किंवा ताई, नात्यातले कोणी, विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागातला कर्मचारी किंवा तिथल्या मराठी मंडळातले एखादे कुटुंब ती आपणहून उचलते. या कामातून जे अनुभवाला येते ते इथे मांडले आहे. उदाहरणासाठी मध्यप्रदेशातल्या धार जिल्ह्यातले सरदारपूर आणि जर्मनी ही जोडी घेतली आहे.

जर्मनी घेण्याचे कारण उघड आहे. 2022-23 च्या हिवाळी सत्रापासून तिथल्या परदेशी विद्यार्थ्यांत सर्वांत मोठी संख्या भारतीयांची आहे. 2023-24 मध्ये ती 49,483 होती. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नसते, सत्राची ठरावीक वर्गणी तेवढी भरावी लागते. त्यामुळे माळव्यातल्या शिक्षकाच्या किंवा छोट्या दुकानदाराच्या घरातही हा विचार होऊ शकतो. याला अपवाद आहेत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य 2017 पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला 1,500 युरो घेते आणि म्युनिकच्या तंत्र विद्यापीठानेही 2024 पासून शुल्क लावले आहे. हे अर्ज करण्याआधीच पाहून घ्यायचे असते.

सरदारपूर हे माही नदीकाठचे तहसिलीचे गाव. संस्थानी काळात हा भाग ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे होता. इंग्रजांच्या भोपावर एजन्सीचा कारभार आणि माळवा भिल्ल पलटणीची छावणी यांमुळे गावाला महत्त्व होते. शेजारी धार आणि देवास इथे पवारांची राज्ये. दरबार, पलटण, शाळा आणि कचेऱ्यांच्या निमित्ताने आलेली मराठी कुटुंबे या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिली. अशा घरातले मूल घरी मराठी, बाजारात माळवी, शाळेत हिंदी आणि कॉलेजात इंग्रजी बोलत वाढते. भाषेच्या बाबतीत ते मुळात तयार असते. चार भाषांत वावरलेल्या मुलाला पाचवी भाषा कानावर पडली की भीती वाटत नाही, हे मदत करणाऱ्यांच्या लवकरच लक्षात येते. त्याची अडचण वेगळ्या ठिकाणी असते.

सरदारपुरात माणसाची ओळख माणसांमधून होते. बँकेतला कारकून वडिलांना ओळखतो, किराणावाला वहीत मांडून ठेवतो, डॉक्टरांकडे चिठ्ठीशिवाय जाता येते, पोस्टमनला घर विचारावे लागत नाही. राहिलेल्या कामाची कोणीतरी आठवण करून देतो आणि चुकलेले सांभाळून घेतो. जर्मनीत ही सगळी कामे पत्त्यावरून चालतात. नोंदवलेला पत्ता असला की बँक, विमा, करक्रमांक, निवास परवाना अशी एकेक दारे उघडतात; नसला की काहीच हलत नाही. मदतीचे खरे काम या दोन व्यवस्थांच्या मधल्या जागेत आहे. आधी मुलाचा पत्ता पक्का करायचा आणि मग त्याच्याभोवती पुन्हा माणसे गोळा होऊ द्यायची. हा क्रम उलटला तर मित्र मिळतात, पण पत्रे मिळत नाहीत, आणि तिसऱ्या महिन्यात दंडाच्या नोटिसा येऊ लागतात.

निघण्याआधीची तयारी कागदांपासून सुरू होते. नोव्हेंबर 2022 पासून बहुतेक भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसाच्या अर्जासोबत ए.पी.एस. हे शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचे प्रमाणपत्र जोडावे लागते. मध्यप्रदेशातले अर्ज मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या हद्दीत येतात. वर्षभराच्या खर्चाची रक्कम ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये आधीच भरायची असते. सप्टेंबर 2024 पासून ती 11,904 युरो आहे. त्यातून दर महिन्याला 992 युरोच हाती येतात. इथे घरच्यांची एक समजूत वेळेवर दुरुस्त करावी लागते. लाखो रुपये भरले आहेत, म्हणजे मुलाजवळ भरपूर पैसे आहेत, असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात पहिल्याच आठवड्यात खोलीची अनामत द्यावी लागते. कायद्याने ती मूळ भाड्याच्या तिपटीपर्यंत असू शकते. तिथले बँक खाते सुरू होईपर्यंत साठवलेल्या रकमेचा पहिला हप्ताही येत नाही. म्हणून अनामत, पहिले भाडे आणि महिनाभराचा किराणा एवढे पैसे त्या रकमेखेरीज वेगळे, कार्डावर किंवा रोख, न्यावे लागतात. ज्या घरांना हे आधी सांगितलेले असते, त्यांच्या मुलांचा पहिला महिना फार शांतपणे जातो.

सामानाची बॅग भरताना आईचा शब्द शेवटचा असतो, आणि तो तसा असावाही. तरी एक नियम तिला समजावून सांगावा लागतो. युरोपीय संघात बाहेरच्या देशातून प्रवाशाने दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे साजूक तूप, पेढे आणि मावाबाटी घरीच ठेवायची. ताजा कढीपत्ता, आंबे, मिरच्या यांनाही रोगमुक्ततेचा दाखला लागतो. रतलामी शेव, गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, वाळवलेले पापड चालतात. औषधे स्वतःपुरती, तीन महिन्यांच्या आत संपतील इतकी, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह घ्यावीत. विजेचा दाब आपल्यासारखाच 230 व्होल्ट असतो, त्यामुळे उपकरणे चालतात. तीन पिनांचा भारतीय प्लग मात्र तिथल्या भोकांत बसत नाही. कुकर छोटा आणि सपाट बुडाचा घ्यावा. अॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शन शेगडीवर तापत नाही, साध्या काचेच्या विजेच्या शेगडीवर तापतो. खोलीत कोणती शेगडी आहे हे विचारून घेतले की हा प्रश्न सुटतो, पण हे विचारायचे असते हेच कोणाला सुचत नाही.

पोहोचल्यावर पहिले काम नावाची पट्टी. खोलीच्या दारावर आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे खालच्या टपालपेटीवर आडनाव लिहिलेले असले पाहिजे. तिथला पोस्टमन पेटीवरचे नाव वाचतो आणि नाव नसेल तर पत्र परत पाठवतो. बँकेचे कार्ड, त्याचा गुप्त क्रमांक, विम्याचे कार्ड, करक्रमांक, परवान्याच्या भेटीची वेळ हे सगळे पत्राने येते. कागदाचा एक तुकडा आणि चिकटपट्टी यांनी होणारे हे काम पहिल्याच संध्याकाळी, सामान उघडण्याआधी करून घ्यावे.

दुसरे काम म्हणजे पत्त्याची नोंदणी. तिथली भारतीय मुले तिला जर्मन शब्दानेच ‘आन्मेल्डुंग’ म्हणतात. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत ती करायची असते. घरमालकाने सही केलेले पत्र, पासपोर्ट आणि भरलेला अर्ज एवढे पुरते. बर्लिनसारख्या शहरात कार्यालयाची वेळच लवकर मिळत नाही, म्हणून भारतात असतानाच वेळ घेऊन ठेवणे चांगले. याच टप्प्यावर खोलीच्या नावाखाली होणारी फसवणूक उघडी पडते. न पाहिलेल्या खोलीसाठी आगाऊ पैसे मागणारा आणि नोंदणीचे पत्र द्यायला टाळाटाळ करणारा मालक, या दोन गोष्टी एकत्र आल्या तर व्यवहार थांबवावा. विद्यार्थी वसतिगृहात जागा मिळवण्यासाठी प्रवेशपत्र हाती येताच रांगेत नाव घालणे हाच यावरचा खात्रीचा उपाय आहे.

नोंदणीनंतर विमा आणि बँक एका दिवसात होतात. तीस वर्षांखालच्या विद्यार्थ्याला सार्वजनिक आरोग्यविमा सवलतीच्या दरात मिळतो. स्वस्त खासगी विम्याच्या मोहात पडून पुढे सार्वजनिक विम्यात परतणे अवघड झालेली मुले या कामात भेटतात, त्यामुळे या एका बाबतीत सल्ला ठामपणे द्यावा लागतो. आणखी एक पत्र हमखास येते : सार्वजनिक आकाशवाणी-दूरदर्शनच्या वर्गणीचे, महिन्याला 18.36 युरो. दूरदर्शन संच घेतलेलाच नाही म्हणून मुले ते बाजूला टाकतात. ही वर्गणी घरामागे असते, संचामागे नसते. चौघे एका घरात राहत असतील तर एकानेच भरायची आणि बाकीच्यांनी त्याचा क्रमांक कळवायचा.

या सगळ्या धावपळीत मदत करणाऱ्याचा एक मोह आवरावा लागतो. जर्मन येणारा दादा खिडकीशी उभा राहून सगळे बोलतो, फॉर्म स्वतः भरतो, आणि मूल शेजारी पासपोर्ट धरून उभे राहते. काम लवकर उरकते, पण मूल काहीच शिकत नाही. नोंदणीला सोबत जावे, बोलू त्याला द्यावे. बँकेत बाहेरच्या बाकावर बसावे. विम्याच्या वेळी फोनवर उपलब्ध राहावे. तीन कामांत तीन पावले मागे सरले की चौथ्या कामाला मूल एकटे जाते. ज्याची सगळी कामे दुसऱ्याने केली, तो डिसेंबरातही प्रत्येक पत्राचा फोटो काढून पाठवत राहतो.

प्रवासाची सवय वेगळी लावावी लागते. सरदारपूरहून धारमार्गे इंदूरला जाणाऱ्या मुलाला बसमध्ये कंडक्टर येऊन तिकीट देतो. रेल्वेशी त्याचा रोजचा संबंध नसतो. या भागातून जाणाऱ्या इंदूर-दाहोद रेल्वेमार्गाचे भूमिपूजन 2008 मध्ये झाले आणि काम वर्षानुवर्षे रेंगाळले. जर्मनीतल्या ट्राममध्ये तिकीट कोणी विचारत नाही. अनेक शहरांत घेतलेल्या तिकिटावर यंत्रात शिक्का मारावा लागतो, तो नसेल तर तिकीट असूनही नसल्यासारखे. साध्या कपड्यातला तपासनीस आला तर 60 युरो दंड होतो. प्रामाणिक मुलाला हा दंड फार लागतो, कारण त्यात चोरीचा ठपका असतो. विद्यार्थी पास मिळेपर्यंतचे थोडे दिवस सांभाळले की पुढे हा प्रश्न उरत नाही.

स्वयंपाकघरात मात्र रेंगाळायला हवे, कारण इथे तब्येत, पैसा आणि मन तिन्ही एकत्र येतात. रविवारी दुकाने बंद असतात. शनिवारी सामान आणले नाही तर सोमवारपर्यंत उपास. भारतीय दुकानात तूरडाळ आणि पोहे मिळतात, पण कोथिंबीर, वांगी, भेंडी आणि हरभऱ्याचे पीठ तुर्की दुकानात ताजे आणि स्वस्त मिळते. पाण्याच्या नि पेयांच्या बहुतेक बाटल्यांवर 25 सेंट अनामत असते, त्या फेकायच्या नसतात, दुकानातल्या यंत्रात परत घालायच्या. फोडणी देताना खिडकी उघडी आणि दार बंद ठेवावे. प्रत्येक राहत्या घरात धूरसूचक यंत्र बसवणे तिथे सक्तीचे आहे. हिवाळ्यातही दिवसातून दोन-तीनदा खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटे हवा खेळती ठेवावी लागते. नाहीतर कुकरची वाफ आणि खोलीतच वाळत घातलेले कपडे यांमुळे भिंतीवर बुरशी धरते आणि तिचा खर्च अनामतीतून कापला जातो. वरण-भात, एक भाजी आणि पोहे एवढे येत असले तरी पुरते. न येणाऱ्याला शिकवायचे असेल तर निघण्याआधीच्या महिन्यात, घरच्या गॅसवर, आईच्या देखरेखीखाली शिकवावे. मुलींना हे येत असेल आणि मुलांना लागणार नाही, ही घरोघरची समजूत परदेशातल्या पहिल्याच आठवड्यात मोडते.

थंडीची बाब जीवावर बेतू शकते हे मराठी माणसाला एका उदाहरणावरून माहीत आहे. आनंदीबाई जोशी 7 एप्रिल 1883 रोजी कलकत्त्याहून निघाल्या आणि 4 जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी त्यांना आधी पत्रांतून ओळखले होते. त्यांच्या घरी त्या उन्हाळाभर राहिल्या. कार्पेंटरबाईंनी आनंदीबाईंच्या शाकाहाराला आणि रीतीला घरात जागा दिली. रोजच्या जगण्यात एखाद्याला सामावून घेणे म्हणजे काय याचा हा उत्तम नमुना आहे. ऑक्टोबरात फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात शिक्षण सुरू झाले आणि ही माया दूर राहिली. नऊवारीत पायांना थंडी लागे म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. खोली नीट तापत नसे, अभ्यासाखेरीज चूल आणि शेगडी स्वतः सांभाळायची होती. 11 मार्च 1886 रोजी त्या डॉक्टर झाल्या आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात क्षयाने गेल्या, तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. क्षयाला औषध नसलेला तो काळ होता. तरीही खोलीची ऊब, पोटभर अन्न आणि पायातले मोजे या गोष्टी शिक्षणाच्या बाहेरच्या नाहीत, हे त्यांच्या चरित्रातून स्पष्ट दिसते.

आजच्या विद्यार्थ्याला याचा अर्थ असा की जड कोट आणि जलरोधक बूट तिथे गेल्यावर घ्यावेत आणि त्यासाठी पैसे आधीच राखून ठेवावेत. इंदुरात मिळणारे जॅकेट नोव्हेंबरपर्यंत पुरते. थंडीपेक्षा अंधार अधिक त्रास देतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सरदारपुरात साडेदहा तासांहून अधिक उजेड असतो, बर्लिनमध्ये पावणेआठ तासही नसतो. मूल उशिरा उठू लागते, वर्ग चुकवते, जेवण पुढे ढकलते. घरचे याला आळस म्हणतात. हा आळस नाही. सकाळी उजेडात अर्धा तास चालणे, जेवणाची वेळ पाळणे आणि गरज पडल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने ड जीवनसत्त्व घेणे यांनी बराच फरक पडतो. मन फारच खचले तर विद्यार्थी सेवा संस्थांकडे समुपदेशनाची सोय बहुतेक ठिकाणी विनामूल्य असते. तिथे जाणे हे अपयश नव्हे, हे दादा-ताईने स्पष्ट शब्दांत सांगितले तर मूल जाते. एरवी जात नाही.

अभ्यासाच्या पद्धतीतले दोन धोके आधीच दाखवून द्यावे लागतात. गुणांचा क्रम उलटा आहे, 1.0 सर्वोत्तम आणि 4.0 म्हणजे जेमतेम उत्तीर्ण. ही गोष्ट मुले लवकर शिकतात. परीक्षेसाठी वेगळी नोंदणी मुदतीत करावी लागते, वर्गात बसले म्हणून परीक्षेला आपोआप नाव जात नाही, हे मात्र उशिरा कळते. आणि एकाच परीक्षेत बहुतेक ठिकाणी तीनच संधी असतात. शेवटचीही गेली तर तो अभ्यासक्रम तिथेच नव्हे, जर्मनीत इतरत्रही बंद होऊ शकतो. सत्रात 30 क्रेडिट धरतात आणि एका क्रेडिटमागे 25 ते 30 तासांचा अभ्यास अपेक्षित असतो. पहिल्याच सत्रात हॉटेलात किंवा गोदामात कामाला लागणाऱ्या मुलांपुढे हा हिशेब ठेवावा. वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस काम करायला 2024 पासून परवानगी आहे, 2025 मध्ये किमान वेतन ताशी 12.82 युरो होते. मोह स्वाभाविक आहे. ज्या घरावर कर्ज आहे तिथे तो केवळ मोह नसतो, कर्तव्याची भावनाही असते. म्हणून नुसते ‘नको’ म्हणू नये. पहिले सत्र अभ्यासाला आणि जर्मनला द्यावे, दुसऱ्या सत्रापासून विद्यापीठातलेच काम शोधावे, असा मार्ग दाखवावा.

पत्ता, पोट आणि परीक्षा मार्गी लागल्यावर माणसांची पाळी येते. धारच्या शेजारच्या महू छावणीत 1891 मध्ये जन्मलेले भीमराव आंबेडकर बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर जुलै 1913 मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. पहिल्या वसतिगृहातले अन्न त्यांना मानवले नाही, ते थोड्याच दिवसांत कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले आणि पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्राबरोबर राहिले. ही मैत्री आयुष्यभर टिकली. पुढे लंडनच्या शिक्षणासाठी पैशाची नड पडली तेव्हा भथेना उपयोगी पडले. खोली बदलण्यात कमीपणा नाही आणि सोबतीची निवड ही अभ्यासाइतकीच मोलाची निवड आहे, हे पालकांना पटवण्यासाठी या उदाहरणाइतके चांगले दुसरे नाही.

याच पट्ट्यातले आणखी एक उदाहरण उलट दिशेचे आहे. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी ऑक्सफर्डला जाणाऱ्या सय्यद रॉस मसूद या भारतीय तरुणाला 1906 मध्ये लॅटिन शिकवले. त्या मैत्रीतून त्यांना भारताची ओढ लागली. 1912-13 मध्ये ते देवासला आले, तेव्हा थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांच्या दरबारात त्यांना देशी पोशाख चढवून पंगतीला बसवले गेले. 1921 मध्ये ते त्याच महाराजांचे खासगी सचिव म्हणून परत आले. परक्याला पंगतीत बसवण्याची रीत माळव्याला ठाऊक आहे. तिथून जाणाऱ्या मुलाने ती सोबत न्यावी. मजल्यावरच्या चौघांना एकदा पोहे खायला बोलावले की पुढची ओळख आपोआप होते. सगळा वेळ मराठी किंवा हिंदी बोलणाऱ्या घोळक्यातच गेला तर जर्मन येत नाही; घोळका अजिबात नसला तर मन लागत नाही. सणाला मराठी मंडळ आणि आठवडाभर वर्गातले सोबती, अशी वाटणी बहुतेकांना मानवते.

घरच्या फोनची वेळही ठरवून द्यावी. हिवाळ्यात जर्मनी साडेचार तास मागे असते, मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेतीन तास. तिथल्या दुपारच्या सुट्टीत एक वाजता केलेला फोन सरदारपुरात हिवाळ्यात संध्याकाळी साडेपाचला लागतो, वडील घरी यायच्या बेताला. रात्री आठला केला तर इथे साडेबारा वाजलेले असतात आणि आई जागी राहते. पहिल्या महिन्यात रोज, मग दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा असे अंतर वाढले तर ते चांगले लक्षण मानावे. फोन कमी झाला म्हणून घाबरून मदतनीसाला फोन करणाऱ्या पालकांशी प्रेमाने, पण खरे बोलावे लागते.

मदत करणाऱ्याचे शेवटचे काम निवास परवान्याचे. व्हिसाची मुदत संपण्याच्या पुष्कळ आधी परदेशी नागरिक कार्यालयाकडे अर्ज जायला हवा आणि त्याची पोच जपून ठेवायला हवी. तो अर्ज मुलाने स्वतः लिहिला, जोडपत्रे स्वतः लावली आणि फक्त एकदा नजरेखालून घालायला दिली, तर घडी बसली असे समजावे. त्यानंतर मदतनीसाने बाजूला व्हावे. सरदारपूरच्या घरी मात्र एक कागद असावा. त्यावर मुलाचा नोंदवलेला पत्ता, विमा कंपनीचे नाव आणि क्रमांक, विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागाचा फोन, शेजारच्या खोलीतल्या एका मित्राचा फोन आणि जर्मनीतले आपत्कालीन क्रमांक असावेत : रुग्णवाहिका व अग्निशमन 112, पोलीस 110, रात्रीबेरात्री डॉक्टरांसाठी 116117. खोली किंवा विमा बदलला की हा कागद त्याच दिवशी नवा करावा.